ख्रिस्तपुराण आणि नरकवाचक शब्द

फादर तोमास स्तीफन्स यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्यें गोव्यांतील रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ख्रिस्ती नरक मराठींत सांगतांना शब्द कोठून आणावे, हा प्रश्न त्या काळच्या पाद्र्यांपुढें होता. गोव्याच्या ख्रिस्ती बोलींत नरकास 'यमकोंड' व सैतानास 'देवचार' म्हणतात. यांत यमाचें नांव राहिलें, अर्थ मात्र पालटला. गरुडपुराणांतील नरकवास पापाचा भोग सरतांच संपतो. ख्रिस्ती नरकास अंत नाहीं. देवचार हिंदूंच्या समजुतींत गांवाचा राखणदार. तोच येथें मनुष्यमात्राचा वैरी झाला.

हें स्थित्यंतर स्तीफन्स यांच्या ग्रंथांत कसें घडलें, हें मूळ पाठावांचून ठरत नाहीं. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर उपलब्ध नाहीं. १९०७ ची मंगळूर आवृत्ति हस्तलिखितांवरून सिद्ध झाली; लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतींत संस्कृत शब्दांचा भरणा अधिक आहे. सबब कोणत्याही एका प्रतीवर विसंबणें आम्हांस धोक्याचें वाटतें. ज्यांचे संग्रहीं या पुराणाचीं जुनीं पानें असतील, त्यांनीं नरकवाचक शब्द प्रथम ताडून पाहावे, अशी आमची विनंती आहे.