भौगोलिक शोधसूत्र (शब्दकोडे)

भौगोलिक शोधसूत्र म्हणजे शब्दकोड्यातील असे शोधसूत्र, ज्याचे उत्तर एखादा प्रदेश, जिल्हा, तालुका, गाव, नदी, किल्ला किंवा बोली यांचे नाव असते. अथवा ज्याच्या उत्तरापर्यंत पोहोचण्यासाठी अशा स्थळाची माहिती आवश्यक असते. मराठी शब्दकोड्यांत असे उत्तर निश्चित करताना भूगोलाइतकेच शुद्धलेखनालाही महत्त्व असते. या लेखातील बहुतेक उदाहरणे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली व मालवण परिसराची आहेत.

पार्श्वभूमी

आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ आर्थर विन यांच्या कोड्यापासून मानला जातो. ते २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या पुरवणीत प्रसिद्ध झाले. पुढे हा प्रकार भारतीय भाषांत आला आणि मराठी दैनिकांचा व साप्ताहिकांचा नित्याचा भाग झाला. मराठी कोड्यात 'आडवे शब्द' व 'उभे शब्द' अशा दोन याद्या असतात. उत्तरातील अक्षरांची संख्या शोधसूत्रापुढे कंसात दिलेली असते किंवा चौकटीतील घरांवरून कळते.

घरांची गणना

मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व रफार ही त्या अक्षराचीच अंगे असतात, आणि जोडाक्षरही एकच घर व्यापते. त्यामुळे 'तारकर्ली' (ता-र-क-र्ली), 'देवबाग' (दे-व-बा-ग) आणि 'सिंधुदुर्ग' (सिं-धु-दु-र्ग) ही तिन्ही नावे प्रत्येकी चार घरांची होतात. 'र्ली' या घरातून दुसरा शब्द नेणे अवघड असते, कारण ते अक्षर असलेले शब्द फार थोडे आहेत. म्हणून असे घर शक्यतो छेद न येईल अशा जागी ठेवणे रचनाकाराला सोयीचे ठरते.

प्रकार

माहितीपर शोधसूत्रात स्थळाचे वैशिष्ट्य सरळ सांगितलेले असते. 'कर्ली नदी समुद्राला मिळते ते मालवण तालुक्यातील गाव (४)' याचे उत्तर देवबाग. 'शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेला जलदुर्ग (४)' याचे उत्तर सिंधुदुर्ग.

द्व्यर्थी शोधसूत्रात एकाच शब्दाचे दोन अर्थ उपयोगी पडतात. 'घाटावरचा मुलूख की राष्ट्र? (२)' याचे उत्तर देश. घाटाखालच्या कोकणवासीयाला हा अर्थ चटकन सुचतो. इतरांना दुसराच अर्थ आधी आठवतो.

फोडीच्या शोधसूत्रात नावाचे तुकडे पाडलेले असतात. 'सामान आणि जखमेची खूण मिळून बंदर (४)' म्हणजे माल + वण, मालवण. 'संदेशाचे जुने साधन व काटेरी मासा मिळून किनाऱ्यावरचे गाव (४)' म्हणजे तार + कर्ली, तारकर्ली. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाल्यामुळे यातील पहिला दुवा तरुण वाचकांना सहज उमगत नाही. अशी फोड ही केवळ खेळाची सोय असते. ती त्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती समजू नये.

सोडवण्याची पद्धत

प्रथम शोधसूत्रात कशाचे नाव विचारले आहे, हे ठरवावे लागते. 'सिंधुदुर्ग' हे किल्ल्याचे नाव आहे आणि जिल्ह्याचेही. जिल्ह्याचे मुख्यालय विचारले असेल, तर तीन घरांत 'ओरोस' आणि सात घरांत 'सिंधुदुर्गनगरी' बसते.

त्यानंतर शब्दाचे रूप पाहतात. 'मालवण' व 'मालवणी' ही दोन्ही रूपे चार घरांचीच आहेत. मात्र पहिले गावाचे व दुसरे बोलीचे नाव आहे. 'कोकणी' म्हणजे कोकणातील, तर अनुस्वारयुक्त 'कोंकणी' हे १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झालेल्या भाषेचे नाव म्हणून रूढ आहे.

शेवटी छेदणाऱ्या शब्दांवरून उत्तर पडताळतात. 'सिंधुदुर्ग जिल्ह्यातील समुद्रकिनाऱ्यावरील तालुका' हे शोधसूत्र तीन घरांचे असेल, तर 'वेंगुर्ले' हे उत्तर येते. घरे चार असतील, तर 'देवगड' व 'मालवण' ही दोन्ही नावे बसतात. या दोन नावांत कोणत्याही एका स्थानी समान अक्षर नाही, त्यामुळे छेदणारे एकच अक्षर मिळाले तरी निर्णय होतो. ते मिळेपर्यंत घरे रिकामी ठेवणे इष्ट असते.

नामबदल व लेखनभेद

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कोड्यात मालवण 'रत्नागिरी जिल्ह्यातील' असल्यास ती चूक नव्हे. म्हणून जुनी कोडी सोडवताना प्रकाशनाचे वर्ष पाहावे लागते. नाव बदलले की घरांची संख्याही बदलते: पाच घरांच्या 'औरंगाबाद'ऐवजी आता दहा घरांचे 'छत्रपती संभाजीनगर' लिहावे लागते, तर पाच घरांच्या 'उस्मानाबाद'च्या जागी चार घरांचे 'धाराशिव' येते. 'वेंगुर्ले' व 'वेंगुर्ला' ही दोन्ही रूपे प्रचारात आहेत. घरे सारखीच असली, तरी शेवटचे अक्षर वेगळे असल्याने तेथे छेद असल्यास उत्तर अडते.

कौशल्य व नशीब

संदिग्ध शोधसूत्राचा प्रश्न एकेकाळी न्यायालयापर्यंत गेला. प्रवेशशुल्क घेऊन मोठी बक्षिसे देणाऱ्या शब्दकोडे स्पर्धांत एकाच जागी अनेक शब्द सारखेच योग्य ठरत. त्यांतील संयोजकाने आधी ठरवलेला शब्द ओळखणे हा नशिबाचा भाग होता. १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस देण्यास मनाई केली. चमारबागवाला प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांना व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. त्याचबरोबर ज्या स्पर्धांतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, त्यांना हा कायदा लागू होत नाही, असेही स्पष्ट केले.

हाच निकष भौगोलिक शोधसूत्रालाही लावता येतो. छेद नसलेल्या चार घरांपुढे केवळ 'किनाऱ्यावरील तालुका' असे लिहिल्यास देवगड व मालवण यांतील निवड अंदाजावर राहते. 'सिंधुदुर्ग किल्ला ज्या तालुक्यात आहे तो' एवढी भर घातली, की उत्तर माहितीच्या आधारे निश्चित होते.

हेही पाहा
शब्दकोडे
मालवणी बोली
तारकर्ली
सिंधुदुर्ग जिल्हा