गंजतं, पण कशात?

पोलादात पुरेसं क्रोमियम घातलं की ते गंजत नाही, हे आज शाळेतला मुलगाही सांगेल. पण १८९२ मध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी नेमका उलटा निष्कर्ष काढला होता: क्रोमियममुळे पोलाद गंजाला जास्तच बळी पडतं. आणि हॅडफील्ड कुणी ऐरेगैरे नव्हते बरं का! मँगनीज पोलाद त्यांचंच.

मग चुकलं कुठे? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला ही चूक प्रयोगात दिसत नाही, प्रश्नात दिसते. त्यांनी नमुने ५० टक्के सल्फ्युरिक आम्लात तपासले. तिथे क्रोमियमचं पोलाद खरोखरच जास्त झिजलं. निरीक्षण चोख होतं. पण ‘गंजणं’ हा वस्तूचा अंगभूत गुण आहे, असं मनाशी धरलेलं होतं. गंजतं म्हणजे कशात गंजतं, हे विचारायचं राहिलं.

खरं तर १८२१ मध्येच फ्रान्सच्या बेर्तिए यांनी क्रोमियमयुक्त लोखंड आम्लांना दाद देत नाही, हे पाहून त्याच्या सुऱ्या करता येतील असं सुचवलं होतं. मात्र तेव्हाच्या मिश्रधातूंत कार्बन फार, त्यामुळे ते ठिसूळ. शिवाय कार्बन क्रोमियमला स्वतःकडे ओढून घेतो.

उलगडा केला जर्मनीच्या मोनार्त्स यांनी, १९११ मध्ये. हे पोलाद टिकतं ते ऑक्सिजन देणाऱ्या परिसरात. नायट्रिक आम्लात, उदाहरणार्थ. क्रोमियमच्या ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा वर धरतो आणि ओरखडा पडला तर पुन्हा धरतो. गंमत बघा, न गंजणारं पोलाद आधी किंचित गंजतं, म्हणून वाचतं!

पुढचं भराभर घडलं. एसेनच्या क्रुप कारखान्यात श्ट्राउस आणि माउरर यांनी निकेल घालून केलेल्या पोलादाचं पेटंट १९१२ चं. रासायनिक कारखान्यांना खरा आधार मिळाला तो या जातीचा. शेफील्डचे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून खटपट करत होते. १३ ऑगस्ट १९१३ च्या त्यांच्या ओतीवात क्रोमियम होतं १२.८ टक्के. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी आम्ल लावलं, तर ते चढेचना. दोघांत ‘पहिला’ कोण, या वादात मला फारसा रस नाही.

आणि हॅडफील्डांचं ते ५० टक्के सल्फ्युरिक आम्ल? आपल्या घरच्या डब्यांचं स्टील आजही त्यात टिकत नाही. तिथे निकेल, मॉलिब्डेनम आणि तांबं घातलेले वेगळे मिश्रधातू लागतात.