पांढरी, चुना आणि गेरू : स्वस्त रंगाचा दीर्घ इतिहास

#थ्रेड

१/१४
बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा म्हटले की महामार्गालगतची १०५ फुटी हनुमानाची मूर्ती आठवते. मात्र हा थ्रेड त्या मूर्तीविषयी नाही. त्याच गावातल्या, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातल्या, कळकटलेल्या ओट्याविषयी, पावसाने ओघळलेल्या अंगणभिंतीविषयी, मारुतीच्या पाराविषयी आहे. हाती फारसा पैसा नसताना आपल्या पूर्वजांनी या जागा दरवर्षी नव्या कशा केल्या? त्या स्वस्त रंगाचा इतिहास पाहू.

२/१४
सुरुवात मातीपासून. आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी घरे उभी राहिली, पडली, पुन्हा बांधली गेली. मातीच्या भिंती आणि चुलीची राख मिसळून तेथील जमीन फिकट झाली. वऱ्हाड-खानदेशात धाब्याच्या घरांच्या छपरांवर हीच माती घातली जाई आणि भिंतीही तिनेच पोतल्या जात. गावाचा पहिला रंग गावाच्याच पोटातून निघाला.

३/१४
हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे होते. सणाआधी भिंत पोतायची, अंगण शेणाने सारवायचे, उंबऱ्याला व कडेला गेरूचा पट्टा ओढायचा. इतिहासग्रंथांत या श्रमांची नोंद क्वचितच सापडते; कारण ते दरवर्षी पुसले जात आणि दरवर्षी नव्याने केले जात. परंतु मातीचे घर शंभर पावसाळे टिकले असेल, तर त्याचे श्रेय बांधणाऱ्या गवंड्याइतकेच ते दरसाल लिंपणाऱ्या हातांनाही द्यावे लागते.

४/१४
या सवयीला दुसरीही बाजू आहे. पांढरीची टेकाडे ही पुरातत्त्वज्ञांची ग्रंथालये असतात. नांदुऱ्याच्या ईशान्येला, संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी असलेल्या भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात प्राचीन वसाहत आणि विटांचा स्तूप उजेडात आला. तेव्हा ‘फुकटची पांढरी माती’ म्हणून टेकाड खणताना आपण एखाद्या ग्रंथाची पाने फाडत असू शकतो. खापरे, विटा, मणी दिसू लागले की कुदळ थांबली पाहिजे.

५/१४
आता रंग. गेरू म्हणजे लोहयुक्त लाल माती; पिवडी हे तिचेच पिवळे भावंड. पिवळी माती भाजली की तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती लाल होते. गरिबाच्या ओट्यावरचे हे रंग अजिंठ्याच्या भिंतींवरही आहेत. तेथील चित्रकारांनी भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा रंग वापरला. दुरून आणावा लागला तो मुख्यतः निळा लाजवर्द.

६/१४
अजिंठ्याची १६ क्रमांकाची लेणी वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ५व्या शतकात कोरवून घेतली. हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, आपल्या बुलढाण्याच्या शेजारचे. राजमंत्र्याच्या लेण्यात आणि कुणब्याच्या ओसरीत रंग एकाच जातीचे होते. फरक होता तो कारागिरीचा, जोपासनेचा आणि वेळेचा.

७/१४
मातीनंतर चुना. पूर्णेच्या खोऱ्यातील गाळात चुनखडीचे कंकर सापडतात. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घालताच तो उकळल्यासारखा फुलतो. तो पातळ करून भिंतीवर दिला की हवेतील कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. सफेदी म्हणजे दगडाचा पातळ पापुद्राच.

८/१४
चुना भाजणे हा एका समाजाचा परंपरागत व्यवसाय होता : लोणारी. त्यांच्यात ‘मीठ लोणारी’ आणि ‘चुने लोणारी’ असे भेद नोंदलेले आहेत. लोणारी या नावाचा संबंध लवणाशी, म्हणजे मिठाशी आहे. गडावर गेलात की दगडी वर्तुळाकार चर आणि त्यात फिरणारे जड चाक दिसते. तो चुन्याचा घाणा. बैल जुंपून त्यात बांधकामाचा चुना मळत. सफेदीचा चुना मात्र भिजवून, वस्त्रगाळ करून, डिंक वा सरस मिसळून कुंच्याने देत. पिवळेपणा लपवायला चिमूटभर नीळ पुरे.

९/१४
नांदुऱ्याचा परिसर पूर्णेच्या खारपाण पट्ट्याला लागून आहे. खारे पाणी पायातून भिंतीत चढते, पृष्ठभागाशी येऊन सुकते आणि मागे क्षार सोडते. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. सच्छिद्र चुन्यातून हा ओलावा बाहेर पडू शकतो. खराब होतो तो वरचा चुना, आणि तो पुढल्या वर्षी खरवडून पुन्हा देता येतो. म्हणजे चुना स्वतः झिजून भिंत वाचवतो. दरवर्षी द्यावा लागणे हा त्याचा दोष नव्हे, तीच त्याची कामगिरी होती.

१०/१४
चुन्याला राजकीय इतिहासही आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७च्या साथरोग कायद्याच्या बळावर अधिकारी घरांत शिरले. सामान बाहेर काढून भिंतींना चुना फासणे हा निर्जंतुकीकरणाचा भाग होता. पुण्यातील या मोहिमेच्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. सणाला आपल्या हाताने दिलेला चुना आणि शिपायाने दार ढकलून दिलेला चुना रासायनिकदृष्ट्या एकच असतो, पण घरातल्या माणसांना तो एक वाटत नाही.

११/१४
स्वातंत्र्यानंतर गावच्या भिंती शासनाचा फळा झाल्या. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, साक्षरतेची घोषवाक्ये, लसीकरणाची आवाहने गेरूने वा तैलरंगाने लिहिली गेली. पुढे २०००-०१मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आले आणि स्पर्धेच्या निमित्ताने गावोगावी भिंती रंगल्या. ज्यांच्या नावाने हे अभियान चालले, त्या गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) साधन मात्र खराटा होते. हा क्रम विसरू नये : आधी झाडणे, मग रंगवणे. घाणीवर दिलेला रंग घाणीसकट गळून पडतो.

१२/१४
अलीकडची दोन उदाहरणे. २०१७ साली मुंबईत घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरील वस्तीच्या भिंती ‘चल रंग दे’ उपक्रमात स्वयंसेवकांनी रंगवल्या. २०१८मध्ये ताडोब्याच्या वन्यजीवनाच्या चित्रांनी सजलेल्या बल्लारशा व चंद्रपूर स्थानकांना रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. रंगाने जागेकडे पाहण्याची दृष्टी बदलते, हे खरेच. पण रंगाने नळाला पाणी येत नाही की गटार बांधले जात नाही, हेही तितकेच खरे. चित्रांखालची भिंत पाच वर्षांनी कोण सांभाळणार, हा प्रश्न कुंचा उचलण्यापूर्वीच विचारावा लागतो.

१३/१४
आता इतिहासप्रेमींसाठी सर्वांत महत्त्वाचे. मातीच्या ओट्याला जो रंग तारतो, तोच दगडी मंदिराला मारतो. यादवकालीन, ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो, अशा कितीतरी मंदिरांवर भक्तिभावाने तैलरंग चढवला गेला. त्याने कोरीव काम बुजते, शिलालेखाची अक्षरे भरून जातात आणि दगडातला ओलावा आत अडकतो. पुढे तो रंग यंत्राने घासून काढताना दगडाची त्वचाही सोलली जाते. लेख वाचता यावा म्हणून अक्षरांत चुना वा खडू भरणेही तितकेच घातक. अभ्यासक ओला कागद व शाई वापरून ठसा घेतात आणि तेही परवानगीने. केंद्र-संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास १९५८च्या कायद्यात, २०१०च्या दुरुस्तीनंतर, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. राज्य-संरक्षित वास्तूंसाठी १९६०चा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. असंरक्षित मंदिराला या कायद्यांचे कवच नसते. तेथे गावाची समज हेच संरक्षण.

१४/१४
तेव्हा या दिवाळीआधी घरची अंगणभिंत, शाळेचे कुंपण किंवा पार रंगवायचा असेल तर जुनी रीत अजून उपयोगी आहे. सैल पापुद्रे व लोणा खरवडा, भेगा बुजवा, भिंत ओली करा. चुना आदल्या दिवशी भिजवा, गाळा, आणि जाड एका हाताऐवजी पातळ दोन-तीन हात द्या. ओला असताना तो फिका दिसतो, सुकल्यावर पांढरा होतो; त्यामुळे घाई करू नका. कळीचा चुना डोळ्यांना व त्वचेला भाजतो, तेव्हा चष्मा व हातमोजे हवेतच. खालचा पट्टा गेरूचा ठेवा, कारण पावसाचे शिंतोडे तेथेच उडतात. गुळगुळीत तैलरंग आधीच दिलेला असेल तर त्यावर चुना धरणार नाही, तो आधी काढावा लागेल. आणि भिंत काळ्या दगडाची, घडीव, शे-दोनशे वर्षांची असेल, तर कुंचा बाजूला ठेवून फक्त खराटा घ्या.

थ्रेड उपयुक्त वाटला तर आपल्या गावच्या गटात पाठवा, विशेषतः जेथे मंदिराच्या रंगकामासाठी वर्गणी सुरू असेल तेथे.