शुद्ध म्हणजे कोणासाठी शुद्ध? मेणाच्या कसोट्यांचा इतिहास

१/ मधमाशीच्या मेणाला संस्कृतात ‘मधूच्छिष्ट’ असा शब्द आहे. मध काढून घेतल्यावर उरलेले, म्हणजे मधाचे उष्टे. ज्या वस्तूचे नावच ‘उष्टे’, तिच्या शुद्धतेसाठी पुढे कायदे झाले, रासायनिक कसोट्या रचल्या गेल्या. त्यांतील एका कसोटीवर आपल्या रानातले निर्भेळ मेणही भेसळीचे ठरत होते. त्या कसोटीविषयीचा हा #धागा. #इतिहास

२/ कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून मेणाच्या इवल्या चकत्या स्रवतात आणि त्या चावून मऊ करून माशी पोळे बांधते. मध्ययुगीन युरोपात या मेणाच्या मेणबत्त्या चर्चमध्ये जळत आणि राजपत्रांवर त्याच्याच मुद्रा उमटत. चरबीच्या मेणबत्तीपेक्षा ती कितीतरी महाग असे. जिथे असा भाव, तिथे भेसळ आलीच.

३/ लंडनच्या मेणबत्तीकारांच्या संघाला १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने सनद दिली. पुढे १५८१ मध्ये, पहिल्या एलिझाबेथच्या काळात, मेणात राळ, चरबी वा टर्पेंटाइन मिसळण्यास कायद्याने बंदी झाली. मेण वितळवणाऱ्याने मालावर आपल्या नावाच्या अक्षरांचा ठसा उमटवावा, असेही त्यात होते. म्हणजे कसोटी मेणाची नव्हती, माणसाची होती. माल खोटा निघाला, तर कोणाला धरायचे एवढे ठसा सांगत असे.

४/ एकोणिसाव्या शतकात हा ठसा अपुरा पडू लागला. १८३० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फॉन रायखेनबाख याने पॅराफिन वेगळे काढले. पुढे खनिज मेणापासून सेरेसिन तयार होऊ लागले. हे पदार्थ स्वस्त होते आणि थोड्या प्रमाणात मिसळले, तर डोळ्यांना, नाकाला वा बोटांना सहजी कळत नसत. फसवणूक रासायनिक झाल्यावर कसोटीही रासायनिक होणे भाग होते.

५/ १८८३ मध्ये ऑस्ट्रियाच्या आर्थर फॉन ह्यूब्ल याने ती दिली. मेणात काही मोकळी आम्ले असतात, काही एस्टरच्या रूपात बांधलेली. एक ग्रॅम मेणातील मोकळ्या आम्लांसाठी किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागते, तो आम्लांक. एस्टरांसाठी किती लागते, तो एस्टरांक. युरोपीय मेणात हे आकडे साधारण २० आणि ७४ येतात व त्यांचे गुणोत्तर ३.६ ते ३.८ मध्ये राहते.

६/ या आकड्यांमुळे चोर ओळखता येई. स्टिअरिक आम्ल मिसळले की आम्लांक झपाट्याने चढतो. चरबी मिसळली की एस्टरांक चढतो आणि गुणोत्तर फुगते. पॅराफिनमध्ये दोन्ही जवळजवळ शून्य, त्यामुळे गुणोत्तर टिकते, पण दोन्ही आकडे एकदम खाली येतात. ठशाची जागा आता आकड्याने घेतली.

७/ पण हा आकडा कोणत्या माशीचा? युरोपातील ‘एपिस मेलिफेरा’ या एकाच जातीचा. भारतातील मेण मात्र कडेकपारीच्या आग्या माशीचे, झाडांच्या ढोलीतील सातेरीचे आणि झुडपांवरील फुलोरीचे. माश्या वेगळ्या, तसे त्यांच्या मेणाचे घटकही वेगळे.

८/ कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील डेव्हिड हूपर यांनी १९०४ मध्ये भारतीय मेणाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. या मेणाचा आम्लांक साधारण ५ ते १० च्या आसपासच येतो, एस्टरांक मात्र बहुधा युरोपीय मेणापेक्षा जास्त. समजा, आम्लांक ७ आणि एस्टरांक ९० आला, तर गुणोत्तर जवळपास १३! ह्यूब्लच्या गणिताने याचा अर्थ एकच निघतो : चरबीची भेसळ. वास्तविक पोळ्यातून काढलेल्या त्या मेणात कोणी काहीच मिसळलेले नसे.

९/ भारतीय बाजारात भेसळ होतच नव्हती, असे नव्हे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबले पाहिजे. वसाहतकालीन कागदात ‘माल अशुद्ध’ असा शेरा दिसला, की तो कोणत्या मापाने दिला हे आधी विचारावे. कधी खोट मालात असते, कधी मापात.

१०/ आता थोडे मागे, १८५७ मध्ये जाऊ. जर्मनीत योहानेस मेरिंग याने षट्कोनी ठसे उमटवलेला मेणपत्रा बनवला. चौकटीत असा पत्रा बसवला की माशी त्यावरच पोळे उभारते. तिचे श्रम वाचतात, मधही वाचतो. तोवर मेण पोळ्यातून निघे ते मेणबत्तीत जळून संपे. आता ते वितळून, पत्रा होऊन पुन्हा पेटीत येऊ लागले. मेणाचे चक्र बंद झाले आणि माशीच मेणाची गिऱ्हाईक झाली!

११/ बंद चक्रात जे शिरते ते साठते. वरोआ या परजीवीवर मधपाळ पेटीत फ्लुव्हॅलिनेट, कूमाफॉस यांसारखी औषधे वापरू लागले. ही द्रव्ये मेणात विरघळतात आणि मेण वितळवून गाळले तरी बहुतांशी तशीच राहतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासात मेणाच्या ९८ टक्के नमुन्यांत ही दोन औषधे सापडली. फ्लुव्हॅलिनेटचे सर्वाधिक प्रमाण होते दशलक्ष भागांत २०४. एवढ्याशा अंशाने आम्लांक हलत नाही. ह्यूब्लच्या लेखी हे मेण शुद्धच!

१२/ जुनी भेसळही संपली नव्हती. २०१६ च्या सुमारास बेल्जियम व नेदरलँड्समध्ये स्टिअरिन मिसळलेल्या मेणपत्र्यांवरील अळ्या मरू लागल्या. मेणबत्तीत हेच स्टिअरिन मिसळले असते, तर नुकसान गिऱ्हाइकाच्या खिशाचे झाले असते. येथे पिलावाच गेला. तरीही युरोपीय संघात माणसाच्या खाण्यात येणाऱ्या मेणाला (ई ९०१) कायद्याने शुद्धतेचे निकष होते. पोळ्यात परत जाणाऱ्या मेणाला तसे नव्हते.

१३/ १५८१ च्या ठशामागे गिऱ्हाइकाची भीती होती, १८८३ च्या आकड्यामागे कारखानदाराची. शुद्धतेची प्रत्येक व्याख्या अशी कोणाच्या तरी नुकसानीतून जन्मली. ज्याचे नुकसान मोजले गेले नाही, त्याच्यासाठी व्याख्याही झाली नाही. रानातून मेण आणणाऱ्याचे तेच झाले आणि ते घडवणाऱ्या माशीचेही.

(धागा समाप्त)