पवईचा मळा आणि फुलोऱ्याचा पाऊस

अंधेरी आणि मुलुंड यांच्या दरम्यानचा पवईचा परिसर ही साष्टी बेटातील मळेशेतीची एक जुनी प्रयोगभूमी होय. ईस्ट इंडिया कंपनीने १७९९ मध्ये ही जमीन डॉ. हेलेनस स्कॉट यांस पट्ट्याने दिली. पुढे १८३० च्या सुमारास ती फ्रामजी कावसजी बानाजी यांजकडे आली. ऊस, नीळ, रेशमासाठी तुती असे नाना प्रयोग त्यांनी येथे केले. कॉफीचा प्रदेश म्हणून मात्र साष्टीचे नाव कधी झाले नाही.

याचे कारण भांडवलाच्या अभावात शोधणे व्यर्थ आहे. पाऊसही येथे वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. पण तो जवळजवळ सारा चार महिन्यांत. कॉफीस फाल्गुन-चैत्रात एक सर लागते. त्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत झाड फुलते आणि पुढे दोन-तीन आठवड्यांनी दुसरी सर आली म्हणजे फळ टिकते. कोडगू आणि चिकमगळूर येथे ही सर येते. पवईस ती येत नाही. शिवाय अरेबिकास उंचीवरील थंडावा हवा, आणि पवईची उंची शंभर मीटरही नाही. महाराष्ट्रातील अपवाद चिखलदऱ्याचा. तो सुमारे अकराशे मीटरांवर आहे.

मराठीची साक्षही हेच सांगते. कॉफीच्या बियांस जुन्या मराठीत ‘बुंद’ म्हणत. हा शब्द अरबी ‘बुन्न’ पासून आलेला. तो वखारीतून आला, शेतातून नव्हे. म्हणूनच ज्या सरीस कॉफीवाला हंगामी मानतो, तिला मराठी शेतकरी ‘अवकाळी’ म्हणतो. तीच सर कोकणात आंब्याचा मोहर झाडते.

आता प्रश्न असा की, ही सर आपला काळ पाळील काय? हवा पालटल्याने मळे उद्ध्वस्त होतात असे सरसकट म्हणणे इतिहासास धरून नाही. सिंहलद्वीपात १८६९ मध्ये दिसलेल्या तांबेऱ्याने कॉफी बुडविली ती दमट हवेत, एकाच पिकाच्या दाटीमुळे. आणि मळेवाले चहाकडे वळले. भारतातही रोबस्टाचा वाटा वाढत जाऊन आज सुमारे सत्तर टक्के झाला आहे. पण रोबस्टा तर फुलोऱ्याच्या सरीवर अधिकच अवलंबून! ती चुकली तर तुषारसिंचन करावे लागते, आणि त्यासाठी तळ्यात पाणी उरलेले असावे लागते. उलट ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत अतिवृष्टीने डोंगरउतार मळ्यांसह खचले.

ब्राझीलमधील २०२४ च्या अवर्षणानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाचा भाव न्यूयॉर्क येथे पौंडास चार डॉलरांपलीकडे गेला. घाटकोपर-मुलुंडच्या दुकानांतून दळून मिळणाऱ्या कॉफीसही त्याची झळ लागली.