प्राणिकविता आणि तिचे चित्र : रशियातील एक वाद (१९१७–१९३५)

प्राण्यांवरील सचित्र कविता मुलांच्या हाती द्यावयाची ती प्राण्याच्या ज्ञानासाठी की भाषेच्या, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अध्यापनपद्धतीचा वाटतो. क्रांत्युत्तर रशियात मात्र त्याच्या उत्तरावर पुस्तकांचे आणि लेखकांचे भवितव्य अवलंबून होते.

कर्नेय चुकोव्स्की यांचे ‘मगर’ हे कथाकाव्य रे-मी यांच्या चित्रांसह १९१७ साली प्रसिद्ध झाले. त्यातील मगर शहराच्या रस्त्यांतून हिंडते. १ फेब्रुवारी १९२८ रोजी नादेझ्दा क्रुप्स्काया यांनी ‘प्राव्दा’त त्यावर कठोर टीका केली. मगरीच्या जीवनाची माहिती मिळण्याऐवजी मुलांच्या कानी असंबद्ध बडबड पडते, असा त्यांचा एक प्रमुख आक्षेप होता. शिक्षणखात्यातील त्यांचा अधिकार पाहता ही टीका साध्या ग्रंथपरीक्षणाहून अधिक होती. मार्चमध्ये मॅक्सिम गॉर्की यांनी त्याच पत्रातून चुकोव्स्कींची बाजू घेतली. तथापि १९२९च्या अखेरीस चुकोव्स्कींनी आपल्या परीकथांचा जाहीर त्याग केला.

चुकोव्स्कींचे खरे उत्तर ‘दोन ते पाच’ या त्यांच्या ग्रंथात आढळते. कुत्रा भुंकतो व मांजर म्यांव करते हे कळताच त्यांच्या चिमुकल्या मुलीने दोघांचे आवाज मुद्दाम उलटे केले आणि ती हसली. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे त्यालाच विपर्यासाची गंमत कळते. म्हणजे असा विपर्यास ज्ञानाला मारक नसून त्याची परीक्षाच होय. बालकवितेतील प्रत्येक कडव्याने चित्रकाराला विषय पुरवावा, हाही त्यांचा आग्रह होता. कारण मूल प्रतिमांतून विचार करते.

साम्युइल मार्शाक यांच्या ‘पिंजऱ्यातील पिल्ले’ या पुस्तकात क्रम उलटा होता. १९२३ मधील कविता सेसिल ऑल्डिन या इंग्रज चित्रकाराच्या तयार चित्रांसाठी रचलेल्या होत्या. १९३५च्या आवृत्तीत येव्गेनी चारूशिन यांची चित्रे आली. त्यांतील प्राण्यांची लव, पिसे व अंगाची ठेवण निरीक्षणातून उतरलेली आहे. शब्द मात्र खेळकरच राहिले.

या आवृत्तीत वादाची एक तड दिसते. प्राणी कसा आहे हे चित्र सांगते. त्यामुळे तो कसा बोलेल हे ठरविण्यास कविता मोकळी राहते. प्राथमिक वर्गात चित्र झाकून केवळ कविता पाठ करवून घेतली, तर ही विभागणी मोडते आणि क्रुप्स्कायांचा आक्षेप पुन्हा सबळ होतो.