वामन, चिट्टी आणि सापळ्यातले पतंग

विज्ञानकथेतला यंत्रमानव बुद्धी, शरीर आणि इच्छा एकाच देहात घेऊन येतो. कारेल चापेकच्या ‘आर.यू.आर.’ (1920) नाटकातले रोबो माणसांविरुद्ध उठतात. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ मधला वामन स्वतःसारखे आणखी यंत्रमानव घडवू पाहतो. 2010 मध्ये तेलुगूत ‘रोबो’ नावाने आलेल्या चित्रपटातला चिट्टी तर प्रेमात पडतो. आज वापरात असलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेत बुद्धी, शरीर आणि इच्छा यांची फारकत झालेली आहे. तुलना तिथूनच सुरू करावी लागते.

आधी बुद्धी पाहू. आदिलाबाद जिल्ह्यातला जैनथचा भाग घ्या. पैनगंगेच्या एका काठाला जैनथ मंडल, दुसऱ्या काठाला यवतमाळ जिल्हा. दोन्हीकडे कपाशी आणि दोन्हीकडे गुलाबी बोंडअळीची धास्ती. अळी बोंडात शिरली की बाहेरून दिसत नाही, म्हणून कामगंध सापळ्यातले या किडीचे नर पतंग मोजतात. सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी 8 पतंग आले, की फवारणीची वेळ झाली असे धरतात. या मोजणीसाठी मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने ‘कॉटनएस’ हे अ‍ॅप तयार केले. पतंग पांढऱ्या कागदावर ओतून फोटो काढायचा. अ‍ॅप ते मोजून सल्ला देते.

अशा यंत्राला फोटो म्हणजे आकड्यांची जाळी. माणसांनी आधी खुणा करून दिलेल्या ढीगभर फोटोंवरून त्याचे गुणांक बसवलेले असतात, आणि नवा ठिपका त्यांत किती बसतो एवढाच हिशेब ते करते. पीक वाचावे असे त्याला वाटत नाही. पंख मोडलेले असले, कचरा चिकटला, उजेड कमी पडला, तर चुकीचा आकडाही ते तितक्याच ठामपणे देऊ शकते. कथेतले यंत्र बंड करून घात करते. हे निमूटपणे चुकते, आणि मला तेच जास्त धोक्याचे वाटते.

शरीराच्या बाबतीत कथाकारांचा अंदाज सर्वांत जास्त फसला. यंत्राला पटावरचे खेळ सोपे आणि हातापायांची कामे अवघड, हे यंत्रमानव-संशोधक हान्स मोराव्हेक यांनी 1988 मध्येच मांडले होते. वेचणीला आलेली बाई उमललेल्या बोंडातून चिमटीसरशी कापूस काढते, वाळल्या पानाचा चुरा लागू देत नाही, किडकी कवडी वेगळी ठेवते. अमेरिकेतली वेचणी यंत्रे पाने गाळलेल्या, एकसारख्या पिकावर चालतात. इथे एकाच झाडावर फुटलेली बोंडेही असतात आणि हिरवीही. मजकूर लिहिणारे यंत्र आले, पण वेचणी अजून तिच्याच हातात आहे.

राहिली इच्छा. आयझॅक असिमॉव्ह यांनी 1942 च्या कथेत यंत्रमानवांना तीन नियम घालून दिले. ते पाळायला इजा म्हणजे काय हे कळावे लागते. आजच्या यंत्राला प्रशिक्षणाने वळण लावता येते, हमी देता येत नाही. सल्ला चुकून फवारणी वाया गेली, तर जाब यंत्राला विचारून उपयोग नाही. तो यंत्र घडवणाऱ्याला आणि गावात आणणाऱ्याला विचारावा लागेल. म्हणून असे कोणतेही अ‍ॅप शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ते कोणत्या भागातल्या फोटोंवर शिकले आणि चूक झाल्यास भरपाई कोण देणार, हे कृषी खात्याने तेलुगू आणि मराठी दोन्ही भाषांत लेखी द्यावे.